‘प्रेप’ वाचून धास्तावलेल्या आईला, डॉर्ममधून उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की मुलगी आठवीत आहे, तुम्ही न्यू जर्सीत राहता, मॅसॅच्युसेट्स आणि कनेटिकटमधल्या तीनचार बोर्डिंग स्कूलना अर्ज करायचं चाललंय, फायनान्शियल एड, म्हणजे फीसाठी शाळेची मदत, मिळाली तरच जमणार आहे, आणि अशात कुणीतरी मैत्रिणीने कर्टिस सिटनफेल्डची ‘प्रेप’ ही कादंबरी हातात ठेवली. निम्मी वाचून तुमची झोप उडाली. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: खरंच असं असतं का, ती नायिका इतकी डोक्यात का जाते, आणि मुलीला वाचायला द्यावी का.

मी मूळची सांगलीची, गणित शिकवते, आणि गेली १८ वर्षं मॅसॅच्युसेट्समधल्या अशाच एका शाळेत डॉर्म पेरेंट आहे. म्हणजे मुलींच्या डॉर्मला, वसतिगृहाला, चिकटून जो फ्लॅट असतो त्यात आम्ही राहतो, माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडे ३२ मुली झोपतात, किंवा झोपल्याचं नाटक करतात. शाळेचं नाव सांगणार नाही, नोकरी आहे बाबा अजून. आणि खाली ज्या मुलींबद्दल लिहिलंय त्यांच्या ओळखीच्या खुणा बदलल्यात. ‘प्रेप’ मी तीनदा वाचली आहे, पहिल्यांदा नोकरी लागली त्या वर्षी, आणि तेव्हा मला ती आवडली नव्हती हे आधीच सांगून टाकते.

ज्यांनी वाचलेली नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. २००५ साली आली. ली फिओरा नावाची १४ वर्षांची मुलगी, इंडियानातल्या साउथ बेंडची, वडिलांचं गाद्यांचं दुकान, घरचं बरं चाललेलं पण आमच्या शाळांच्या हिशेबात ते काहीच नाही. ती स्वतःच बोर्डिंग स्कूलची माहितीपत्रकं मागवते, फोटो बघून हरखते, अर्ज करते आणि स्कॉलरशिपवर बॉस्टनजवळच्या ऑल्ट नावाच्या शाळेत येते. ऑल्ट काल्पनिक आहे. पण लेखिका सिनसिनाटीहून मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रोटन ह्या खऱ्या बोर्डिंग स्कूलला शिकायला आली होती, त्यामुळे ऑल्ट म्हणजे ग्रोटनच असं लोक धरून चालतात. पुस्तकाचं आधीचं नाव ‘सायफर’ होतं, सायफर म्हणजे शून्य, जिच्या असण्याने कुणाला काही फरक पडत नाही अशी व्यक्ती. ते जास्त खरं नाव होतं. मग ‘प्रेप’ झालं (अशा महागड्या खासगी शाळांना प्रेप स्कूल म्हणतात), कव्हरवर गुलाबी-हिरव्या पट्ट्यांचा बेल्ट आला आणि अर्ध्या लोकांनी ते टाइमपास पुस्तक समजून उचललं, तुमच्या मैत्रिणीनेही बहुतेक तसंच उचललं असणार. न्यूयॉर्क टाइम्सने मात्र त्या वर्षीच्या दहा उत्तम पुस्तकांत घेतलं होतं.

आता पहिला प्रश्न, खरंच असं असतं का. तुम्हाला भीती कसली वाटतेय ते मला कळतंय, की श्रीमंत पोरी आपल्या पोरीला छळतील, टोमणे मारतील. तर परत एकदा नीट बघा, चारशेच्या वर पानांत लीला सांगण्यासारखं असं कुणी छळत नाही. कुणी तिला गरीब म्हणत नाही, कुणी तिचा डबा फेकत नाही. तिची पुढची रूममेट मार्था चांगल्या घरची आहे आणि शेवटपर्यंत चांगली वागते. आणि तरीही ती चार वर्षं अंग चोरून काढते. हे त्या पुस्तकातलं सगळ्यात खरं आहे, आणि पहिल्या वाचनात मला नेमकं हेच पटलं नव्हतं, मी म्हटलं अगं कुणी काही केलेलंच नाही तर रडतेस कशाला.

माझे आजोबा पुण्यात वारावर जेवून शिकले. तरुण वाचकांसाठी सांगते, गरीब मुलगा शिकायला शहरात यायचा तेव्हा सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी असं सात घरी जेवण लावून घ्यायचा, त्याला वार लावून जेवणं म्हणायचे. आजोबा सांगायचे की सातपैकी पाच घरांतली माणसं देवासारखी होती, कुणी कधी वावगं बोललं नाही, पण त्यांना शेवटपर्यंत त्या घरांतल्या जमिनीच्या फरश्या आठवत होत्या, माणसांचे चेहरे फारसे आठवत नव्हते. का, तर मान वर करून जेवलेच नाहीत कधी. भात परत वाढू का विचारलं तर नको म्हणायचं, भूक असली तरी. आणि जेवण झालं की आपणहून त्या घरच्या पोराचा पाढा घ्यायचा, भाजी आणून द्यायची, विहिरीवरून कळशी भरून आणायची. कुणी सांगितलेलं नसायचं.

आपल्याकडे त्याला शब्द आहे, मिंधेपणा. इंग्रजीत मला १८ वर्षांत त्याला सरळ शब्द सापडलेला नाही, लाज म्हणावं तर लाज नाही, कृतज्ञता तर अजिबातच नाही. सिटनफेल्डबाईंनी त्या नसलेल्या शब्दावर अख्खी कादंबरी लिहिली आहे असं माझं मत. दुसऱ्यांदा वाचताना हे लक्षात आलं आणि मग सगळं पुस्तक वेगळंच दिसायला लागलं.

उदाहरणार्थ केस कापायचं प्रकरण घ्या. दुसऱ्या वर्षी ली मुलामुलींचे केस कापून द्यायला लागते, फुकट, आणि तिला एकदम शाळेत एक जागा मिळते, लोक तिला शोधत येतात. समीक्षक म्हणतील हे लोकांना स्पर्श करण्याबद्दल आहे वगैरे, असेलही. मला तर ती विहिरीवरची कळशी दिसते. कुणी मागितलं नाही, पण काहीतरी देत राहिलं की जेवण थोडं हक्काचं वाटतं.

माझ्या डॉर्ममध्ये हे दरवर्षी दिसतं. एक मुलगी होती, सगळ्या मजल्याचे लॅपटॉप, प्रिंटर दुरुस्त करून द्यायची, रात्री अकराला सुद्धा कुणी दार वाजवलं तर उठायची. मला वाटायचं काय गुणी पोरगी. तिसऱ्या वर्षी तिला मी म्हटलं की अगं एकदा तरी नाही म्हण, तर ती म्हणाली, मिसेस अमुक, मी नाही म्हटलं तर मी इथे कशासाठी आहे? मला काही उत्तर सुचलं नाही, मी तिला चहा दिला.

आता पैसा. तुम्ही विचारलंय की श्रीमंती इतकी उघडी दिसते का. दिसत नाही, आणि तीच गोची आहे. ह्याचा थोडा इतिहास सांगते कारण तो माहीत असला की ‘प्रेप’मधल्या बऱ्याच बारीकसारीक गोष्टी उलगडतात. ग्रोटन १८८४ मध्ये एंडिकॉट पीबडी नावाच्या पाद्र्याने काढली आणि १९४० पर्यंत तोच हेडमास्तर होता, म्हणजे ५६ वर्षं. त्याला इंग्लंडच्या पब्लिक स्कूलचं वेड, नाव पब्लिक पण असतात खासगी, बड्या घरांतल्या पोरांच्या. अमेरिकेतल्या सगळ्यात श्रीमंत घरांतली पोरं त्याच्याकडे यायची आणि तो त्यांना थंड पाण्याने अंघोळ घालायचा, झोपायला दार नसलेले छोटे कप्पे द्यायचा, हातखर्चाला आठवड्याला २५ सेंट, त्यातले ५ रविवारी चर्चच्या ताटात टाकायचे. सगळ्यांना सारखं. हेतू चांगला होता, पोरं बिघडू नयेत. पण त्यातून एक रीत पडली ती अशी की पैसा असलेल्याने तो दाखवायचा नाही, आणि बोलायचं तर मुळीच नाही. गंमत म्हणजे पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेला फ्रँकलिन रूझवेल्ट तिथलाच, आणि तोसुद्धा १४ व्या वर्षी आला, बाकीच्या पोरांपेक्षा दोन वर्षं उशिरा, त्यामुळे त्यांचे गट आधीच जमलेले होते आणि हा बाहेरचाच राहिला, घरी अमाप पैसा असून. लीचंही वय तेच, १४.

ती रीत न्यू इंग्लंडच्या, म्हणजे अमेरिकेच्या ह्या ईशान्य कोपऱ्यातल्या, सगळ्या जुन्या शाळांत अजून आहे. त्यामुळे नवीन आलेल्या मुलीला पैसा शोधावा लागतो, आणि तिला तो बरोबर दिसतो. ज्यांच्याकडे पिढ्यान्पिढ्या आहे त्यांचे बूट फाटके असतात, खरंच, डक्ट टेप लावलेले बूट घालून फिरतात आणि ते चालतं. स्वेटर कोपरावर विरलेला, तो आजोबांचा असतो. स्कॉलरशिपवाल्या मुलीचे बूट मात्र कोरे करकरीत, आईने ऑगस्टमध्ये सेलमध्ये घेतलेले. पहिल्या दिवशी सामान उतरवताना मी नुसत्या खोक्यांवरून सांगू शकते, ज्यांचं सगळं नवीन, मॅचिंग, टॅगसकट, त्यांना पहिल्यांदाच घराबाहेर पाठवलंय आणि आईबापांनी जिवापाड खर्च केलाय. हिवाळ्यात जॅकेटच्या चेनला स्कीइंगची जुनी तिकिटं लोंबत असतात, कुणी मुद्दाम लावत नाही, नुसती काढायची राहिलेली असतात. आणि मार्चच्या सुट्टीआधी जेवणाच्या टेबलावर साधा प्रश्न, ब्रेकला कुठे चाललीस? ह्या प्रश्नात काहीही वाईट नाही. पण सुट्टीत डॉर्म बंद होते, कुलूप लागतं, आणि विमानाचं तिकीट परवडत नसेल तर ती मुलगी कुणाच्या तरी घरी पाहुणी म्हणून जाते किंवा माझ्याकडे राहते. एकीने सगळ्यांना सांगितलं होतं की मला कॅम्पसची शांतता फार आवडते म्हणून मी थांबतेय. दोन आठवडे माझ्याकडे पोहे आणि मुगाची खिचडी खाल्ली तिने, तिच्या आईला दर रविवारी फोनवर सांगायची की मैत्रिणीकडे आलेय.

एक गोष्ट अजून सांगते, ही पुस्तकात नाही. जूनमध्ये डॉर्म रिकामी होते तेव्हा मुली काय काय टाकून जातात ह्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. एकदाच घातलेले कोट, टेबल लॅम्प, छोटे फ्रीज, न फोडलेली डिटर्जंटची खोकी. सगळं आम्ही तळघरात ढीग करून ठेवतो, दानाला जातं, पण त्याआधी ज्याला हवं त्याने घ्यावं असा बोर्ड लावतो. दिवसा त्या ढिगातून कोट उचलणाऱ्या मुली सगळ्या पैसेवाल्या. खी खी करत उचलतात, आरशात बघतात, व्वा मला फुकट मिळाला. ज्यांना खरंच कोट हवाय त्या दिवसा तळघरात उतरत नाहीत. एका वर्षी रात्री साडेअकराला माझं दार वाजलं, एक मुलगी उभी, म्हणाली तळघरात तिचं पुस्तक राहिलंय, किल्ली द्याल का. मी दिली. दहा मिनिटांनी किल्ली परत आणून दिली, हातात पुस्तकबिस्तक काही नव्हतं आणि बॅग मात्र फुगलेली. मी गुडनाइट म्हटलं. पुढच्या वर्षीपासून मी तळघराला जूनभर कुलूपच लावत नाही, आणि ढीग न करता खुंट्यांवर कपडे लावून ठेवते. तेवढंच सुचलं.

पेरेंट्स वीकेंडचं प्रकरण वाचलंत का माहीत नाही, निम्म्यानंतर येतं. ऑक्टोबरच्या सुमारास बहुतेक सगळ्या शाळांत हा शनिवार-रविवार असतो, पालक येतात, वर्गात बसतात, मॅच बघतात, शिक्षकांना भेटतात. लीचे आईवडील साउथ बेंडहून गाडी हाणत येतात, डॅटसन गाडी, आणि लीला सतत त्यांच्याकडे इतरांच्या नजरेतून बघायची सवय लागलेली. तिचे वडील विनोदी आहेत, मोकळे आहेत, घरी हीच मुलगी त्यांच्या जोकवर हसत असणार. इथे तिला ते गप्प बसायला हवेत. शेवटी भांडण होतं आणि बाप तिच्या थोबाडीत देतो. मला ह्या प्रकरणात लीचा राग येतो आणि बापाचा येत नाही, खरं तर शिक्षिका म्हणून यायला हवा. तिसऱ्या वाचनात तिथे मी पुस्तक मिटून ठेवलं होतं दोन दिवस.

कारण मी तो वीकेंड १८ वेळा पाहिलाय. एक वडील आले होते, लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचे, टाय बांधून आले, गाठ इतकी घट्ट की मान लाल झालेली. मुलगी त्यांना जेवणाच्या हॉलकडे मागच्या वाटेने घेऊन चालली होती, लॉन्ड्रीच्या बाजूने, पुढचा रस्ता सोपा असताना. ते मला म्हणाले, शी नोज ऑल द शॉर्टकट्स. अभिमानाने म्हणाले. मुलीने माझ्याकडे बघितलं आणि मी लॉन्ड्रीच्या यंत्रांकडे बघितलं.

आता दुसरा प्रश्न, ली डोक्यात का जाते. जाते, कबूल. चार वर्षं नुसती बघत बसते, कुठल्या खेळात चमकत नाही, कुठल्या नाटकात नाही, गणितात तर इतकी बुडते की शाळेतून काढायची वेळ येते (गणिताची बाई म्हणून मला ही पानं वाचताना घाम फुटतो), आणि जो एक मुलगा आवडतो, क्रॉस शुगरमन, तो शेवटच्या वर्षी रात्री तिच्या खोलीवर येतो आणि दिवसा ओळखही दाखवत नाही, आणि ही ते चालवून घेते, वर स्वतःच म्हणते की कुणाला कळायला नको. तुम्ही म्हणता हिला स्वाभिमान नाही का. पण बघा ना, मान खाली घालून जेवायची सवय झालेल्याला कुणी मागच्या दाराने वाढलं तर तो पुढच्या दाराने द्या म्हणेल का?

पण लेखिका तिला सोडत नाही, हे मला फार आवडतं. मिंधेपणाची कीव करून घेणारी पुस्तकं पुष्कळ आहेत. इथे कॉन्चिता मॅक्सवेल नावाची मुलगी येते, मेक्सिकन मुळाची, चित्रविचित्र कपडे घालणारी, कुणात न मिसळणारी. ली तिला सायकल शिकवते, दोघींची छान गट्टी जमते. मग कळतं की कॉन्चिताच्या घरचा पैसा ऑल्टमधल्या बहुतेकांच्या वर आहे. आणि ली तिला सोडते. पैशासाठी धरत नाही, सोडते, कारण कॉन्चिताबरोबर दिसणं शाळेत मानाचं नाही आणि मार्था जास्त बरी दिसते. म्हणजे गाद्यांच्या दुकानवाल्याची पोरगी तेलसम्राटाच्या पोरीला खालची समजते! तुमच्या डोक्यात ‘श्रीमंत विरुद्ध गरीब’ असं चित्र असेल तर हे प्रकरण परत वाचा. शाळेतली पत पैशावर नसते, पैसा असूनही त्याबद्दल काही वाटत नाही असं वागता येण्यावर असते, आणि ते कॉन्चितालाही येत नाही न् लीलाही येत नाही. फरक इतकाच की लीला ते कळतं, म्हणून ती क्रूर होऊ शकते.

आणि अजून एक, पुस्तक मोठी झालेली ली सांगते आहे. त्यामुळे प्रत्येक प्रसंगात दोन लीया असतात, एक जी तेव्हा चुकत होती आणि एक जी आता ते थंडपणे नोंदवते, माफी न मागता. आपल्याकडच्या आत्मचरित्रांत ‘तेव्हा मला कळलं’ असं वाक्य आलं की परिच्छेद संपतो. इथे कळूनसुद्धा काही होत नाही. रचनाही तशीच आहे, आठ लांब प्रकरणं, बहुतेक प्रत्येक एका टर्मचं, आणि मध्ये सरळ गाळलेला काळ, दुसऱ्या वर्षाच्या पानगळीतून उडी मारते ती थेट तिसऱ्या वर्षाच्या पानगळीत. काही लोक म्हणतात कथानक नाही. बोर्डिंग स्कूलला कथानक नसतंच हो, टर्म असतात. एक टर्म चोरीची असते, एक कुणीतरी हॉस्पिटलमध्ये गेलं त्याची, एक ज्या मुलाने तुमच्याकडे दोनदा बघितलं त्याची, आणि मधले महिने कुणाला आठवत नाहीत.

शेवटच्या भागातली न्यूयॉर्क टाइम्सची गोष्ट अजून वाचली नसेल तर हा परिच्छेद सोडून द्या. एक पत्रकार शाळेवर लेख करायला येते, हेडमास्तर लीलाच पुढे करतात. का, तर स्कॉलरशिपची, पण गोरी, शांत, तक्रार न करणारी, म्हणजे छान नमुना. आणि चार वर्षं गप्प बसलेली ही मुलगी त्या बाईंसमोर धडाधडा बोलते, कोण स्कॉलरशिपवर आहे ते कसं ओळखू येतं, कोण कोणाशी बसतं, सगळं. ग्रॅज्युएशनच्या तोंडावर लेख छापून येतो आणि अख्खी शाळा तिच्यावर उलटते. तिने खोटं काही सांगितलेलं नसतं. पण आपल्याकडे म्हणतात ना, खाल्ल्या मिठाला जागावं. ऑल्टमध्ये हे कुणी शब्दांत म्हणत नाही, पण सगळ्यांच्या रागात तेच आहे, की आम्ही तुला घेतलं, चार वर्षं शिकवलं, आणि तू बाहेर जाऊन बोललीस. मार्थासुद्धा दुखावते. माझ्या मते पुस्तकाचा खरा शेवट हाच, क्रॉसचं प्रकरण नंतर विसरायला होतं.

शाळेची माणसं म्हणून आम्हाला ह्यातून काय घ्यायचं ते घ्यावं. आमच्या माहितीपत्रकाचे फोटो काढायला माणूस येतो तेव्हा कुणाला पुढे बसवायचं हे ठरलेलं असतं. मी दोनदा एका मीटिंगमध्ये बोलले ह्यावर. तिसऱ्यांदा नाही बोलले.

पुस्तकात जे मला कच्चं वाटतं ते आमच्याबद्दलचं, म्हणजे मोठ्यांबद्दलचं. ऑल्टमधले शिक्षक पुसट आहेत, येतात आणि जातात. खऱ्या शाळेत आम्ही सुटत नाही त्यांना. एकच माणूस सकाळी वर्गात शिकवतो, दुपारी खेळाचा कोच असतो, रात्री डॉर्मवर ड्युटी. रात्री आठ ते दहा अभ्यास, मग चेक-इन, प्रत्येक मुलीशी डोळ्याला डोळा देऊन गुडनाइट म्हणायचं. कोण रडलंय, कोण तीन दिवस जेवायला आलं नाही, हे कळतं. सगळं कळतं असं म्हणणार नाही, आमच्या नाकाखाली काय काय झालंय ते मुली पाच वर्षांनी रीयुनियनला येऊन सांगतात तेव्हा मी कपाळाला हात लावते. पण लीला वाटतं तितकं ती अदृश्य नसणार, कुणीतरी शिक्षक तिच्याबद्दल काळजी करत मीटिंगला बसला असणार. ती सांगतेय म्हणून ते आपल्याला दिसत नाही, एवढंच.

बदललंय काय, तर बरंच. लीच्या काळात मोबाइल नव्हता, घरी फोन करायला पे-फोनशी उभं राहायचं, आता मुली दिवसातून सहा वेळा आईशी बोलतात, ह्याचे फायदे तोटे दोन्ही आहेत. आणि एड मिळणाऱ्या मुली आता एकट्यादुकट्या नसतात, मोठ्या शाळांत निम्म्याच्या आसपास मुलांना काही ना काही मदत असते. अँडोव्हर आणि एक्झिटर ह्या दोन नावाजलेल्या बोर्डिंग शाळा प्रवेश देताना कुटुंबाची ऐपत बघत नाहीत, आणि एक्झिटरमध्ये १ लाख २५ हजार डॉलरच्या आत उत्पन्न असेल तर फी माफ आहे. पूर्ण बोर्डिंगचा खर्च बऱ्याच ठिकाणी ७० हजार डॉलरच्या आसपास गेलाय हे लक्षात घ्या, म्हणजे मदत घेणाऱ्यांत डॉक्टर-इंजिनिअरांची मुलंही असतात. वारावर जेवणारे वाढले की मिंधेपणा थोडा पातळ होतो. जात नाही.

तुम्हाला व्यवहारातलं एक सांगते, ऐका. बऱ्याच शाळांच्या अर्जाची तारीख जानेवारीच्या मध्याला असते, निकाल १० मार्चला, आणि हो-नाही १० एप्रिलपर्यंत कळवायचं. त्या एका महिन्यात एडच्या पत्रावरचा आकडा बघून लगेच आनंदाने सही करू नका. फोन करून विचारा की ह्यात पुस्तकं धरलीत का, लॅपटॉप, आरोग्य विमा, संगीताच्या शिकवणीचे जादा पैसे, लॉन्ड्री, सुट्टीत घरी यायचा प्रवास, संघाबरोबर बाहेर जाताना लागणारे कपडे. काही शाळा हे सगळं देतात, पण विचारल्यावर सांगतात. आणि हे तुम्ही विचारा, मुलीला विचारायला लावू नका. ज्या मुलींच्या आयांनी मार्चमध्ये बेधडक फोन करून विचारलं त्या मुली नोव्हेंबरमध्ये माझ्याकडे येऊन सांगतात की कोट हवाय. ज्यांना घरून सांगितलेलं असतं की बाई, मिळालंय ते खूप आहे, आता काही मागू नकोस, त्या रात्री साडेअकराला पुस्तक शोधायला किल्ली मागतात.

राहिला तिसरा प्रश्न. आठवीतल्या मुलीला आत्ता देऊ नका. शेवटच्या वर्षाचा भाग तिच्या वयाला नाही, आणि लीच्या पहिल्या वर्षीच्या रूममेटने, सिन-जुनने, आत्महत्येचा प्रयत्न केल्याचं प्रकरण आहे, ते मोठ्या माणसाबरोबर बोलत बोलत वाचायचं आहे. शिवाय आधी वाचलं तर ती पहिल्या दिवसापासून लीच्या नजरेने बघायला लागेल, बुटांकडे, कोटांकडे. तिला आधी स्वतः येऊ द्या. दहावीच्या आसपास द्या, तेव्हा ती बहुतेक म्हणेल की ही ली किती मूर्ख आहे, आमच्याकडे असं काही नसतं, आणि पुस्तक महिनाभर परत करणार नाही.

तुम्ही मात्र राहिलेलं निम्मं वाचून काढा, निदान पेरेंट्स वीकेंडपर्यंत तरी. आणि ऑक्टोबरात याल तेव्हा चिवड्याचा डबा मोठा आणा, खोलीवर पलंगाखाली नको, कॉमन रूमच्या टेबलावर झाकण काढून ठेवा. आमच्याकडे तो चाळीस मिनिटं टिकतो, मी मोजलंय.